शहरात बिऱ्हाड कोठे करावे?

मे महिन्याच्या अखेरीस भोर आणि वेल्हे तालुक्यांतील शाळांमध्ये एक काम हटकून वाढते. ते म्हणजे शाळा सोडल्याचे दाखले देण्याचे. दाखला न्यावयास आलेल्या पालकाला गुरुजी सहज विचारतात, "कुठं निघालात?" "पुण्याला," हे उत्तर बहुधा ठरलेले असते. "पुण्यात कुठं?" या दुसऱ्या प्रश्नाला मात्र "कात्रजला पाव्हणे आहेत, तिकडंच बघू एखादी खोली," यापलीकडे नेमके उत्तर क्वचितच मिळते. नोकरी कोणती, पगार किती, हे दहा वेळा तपासून पाहणारा माणूस बिऱ्हाड कोठे करावयाचे हा प्रश्न पाहुण्यांवर सोपवून मोकळा होतो. वास्तविक, हाती येणाऱ्या पगारातील किती रक्कम गावी पोहोचणार आणि किती शहरातच विरून जाणार, हे पुष्कळ अंशी या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. मुलांची शाळा, घरातील बाईमाणसाचे काम, पिण्याचे पाणी, इतकेच काय, पण प्रसंगी जिवाची सुरक्षितताही त्याच उत्तरात गुंतलेली असते.

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस सह्याद्रीच्या कुशीत वसलेले हे दोन तालुके डोंगरी आहेत. वेल्हे हा लोकसंख्येच्या दृष्टीने जिल्ह्यातील सर्वांत लहान तालुका होय. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला. तथापि लोकांच्या तोंडी अद्याप वेल्हेच आहे. भात हे येथील मुख्य पीक. पाऊस भरपूर, परंतु जमीन तुकड्या-तुकड्यांची आणि उताराची. त्यातच या खोऱ्यांत एकामागून एक धरणे झाली. वेळवंडी नदीवर भाटघर, आंबी नदीवर पानशेत, मोसेवर वरसगाव, नीरेवर देवघर आणि कानंदीवर गुंजवणी. या धरणांच्या पाण्याने पुणे शहराची तहान भागली, बारामती-फलटणकडील ऊस पिकला. मात्र नदीकाठची चांगली जमीन पाण्याखाली गेली. भाताची लावणी आटोपल्यावर हाताला काम नाही आणि काढणीनंतर तर मुळीच नाही, अशा परिस्थितीत घरातील एका तरी माणसाने शहराची वाट धरणे ही येथील तीन-चार पिढ्यांची रीत आहे. ही वाट आधी मुंबईची होती, आता ती प्रामुख्याने पुण्याची आहे. वाट बदलली तरी जुन्या वाटेवरील अनुभव टाकाऊ ठरत नाही.

मुंबईतील गावाची खोली

गिरणगावाच्या भरभराटीच्या काळात देशावरून वा कोकणातून मुंबईस जाणाऱ्या माणसाला घर शोधावे लागत नसे. परळ, लालबाग, डिलाईल रोड, वरळी या भागांतील चाळींत गावोगावच्या खोल्या असत. एका गावच्या दहा-वीस माणसांनी मिळून एक खोली घ्यावयाची, भाडे वर्गणीने भरावयाचे, वळकट्या भिंतीशी रचून ठेवावयाच्या आणि पाळीप्रमाणे झोपावयाचे, अशी ती व्यवस्था होती. रात्रपाळीचा कामगार सकाळी परतला की दिवसपाळीच्या माणसाची जागा त्याला मिळे. जेवण खानावळीत. या खानावळी चालविणाऱ्या स्त्रिया बहुधा गिरणी कामगारांच्याच घरातील असत. त्यांना सावकारी पाशातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, हा इतिहास अनेकांना माहीत असेल.

हेमलता दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील सुगाव या एका गावाचा १९४२ ते १९८२ या चाळीस वर्षांचा आढावा घेणारा ग्रंथ १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. पुरुष मुंबईस आणि स्त्रिया घरी, हे त्या ग्रंथाच्या नावातच सांगितलेले सूत्र निरेच्या अलीकडच्या भोर तालुक्यासही तंतोतंत लागू पडते. गावाची खोली स्वस्त होती याचे खरे कारणच हे की, तीत कुटुंब राहणार नव्हते. शेती, म्हातारी माणसे आणि मुले यांचा भार गावी राहिलेल्या स्त्रीने वाहिला, म्हणून मुंबईतील खोलीचे गणित जुळले. आज पुण्यात बिऱ्हाड करणारा माणूस बहुधा बायको-मुलांसह जातो. गावाच्या खोलीचे हिशेब त्याला जसेच्या तसे चालणार नाहीत, हे पहिल्यानेच ध्यानी घ्यावयास हवे.

त्या खोलीचा एक गुण मात्र विसरता येणार नाही. ती कामाच्या दारात होती. भोंगा झाला की माणूस पायी गिरणीत पोहोचत असे. हे महत्त्व किती होते याची साक्ष वरळीच्या बी. डी. डी. चाळींनी दिली आहे. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत घरांची भीषण टंचाई झाली, तेव्हा गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० मध्ये विकास खाते स्थापन झाले आणि पन्नास हजार खोल्या बांधण्याची योजना आखण्यात आली. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. प्रत्येक चाळीत ८० खोल्या आणि प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. घराची एवढी टंचाई असताना या खोल्यांवर उड्या पडावयास हव्या होत्या. परंतु घडले उलटेच. वरळीच्या चाळींतील कितीतरी खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. इतक्या की सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने त्यांचा सत्याग्रहींसाठी तुरुंग म्हणून उपयोग केला. भाडे कामगाराच्या ऐपतीबाहेरचे होते, जवळ बाजार नव्हता आणि गिरणी लांब होती. नवी, पक्की, सिमेंटची खोली सोडून कामगाराने गिरणीजवळची जुनी, अंधारी खोली पत्करली. त्या वेळच्या काही अधिकाऱ्यांना हा अडाणीपणा वाटला असेल. पण तो चोख हिशेब होता.

योगायोगाची गोष्ट अशी की, भोर संस्थानाच्या हद्दीत भाटघर येथे १९२० च्या दशकात जे मोठे दगडी धरण बांधले गेले, त्यासही याच गव्हर्नरांचे, म्हणजे लॉइड यांचे नाव देण्यात आले होते. आता तो जलाशय येसाजी कंक यांच्या नावाने ओळखला जातो.

पाहुण्यांचा भाग आणि कामाचा भाग

भोर-वेल्ह्याहून पुण्याकडे येणारी वाट एकच आहे. वेल्ह्याकडील माणूस मार्गासनीवरून नसरापूरजवळ चेलाडी फाट्याला उतरतो, भोरकडील माणूस कापूरहोळला महामार्गास लागतो आणि दोघेही खेड-शिवापूर ओलांडून कात्रजच्या घाटाने अथवा बोगद्याने पुण्यात प्रवेश करतात. एस. टी. स्वारगेटला थांबते. पानशेतकडची माणसे खडकवासल्यावरून सिंहगड रस्त्याने येतात. यामुळे या दोन तालुक्यांतील लोकांची वस्ती कात्रज, आंबेगाव, धनकवडी, नऱ्हे, धायरी, वडगाव या दक्षिणेकडील भागांत अधिक झालेली दिसते. गावाकडून तांदळाचे पोते आणावयाचे, शनिवारी रात्री घर गाठावयाचे, लावणीच्या दिवसांत पहाटे निघून कामावर खाडा न होता परत यावयाचे, तर शहराच्या गावाकडील तोंडाशी राहणे सोयीचे होते. मार्केट यार्ड, स्वारगेट, पेठा येथे काम मिळत होते. त्या काळी हा निर्णय बरोबरच होता.

पुढे काम सरकले. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर पिंपरी-चिंचवड-भोसरी हा पट्टा कारखान्यांनी भरून गेला. नंतर चाकण आले, हिंजवडी आली, तळवडे आले. ही सगळी ठिकाणे शहराच्या उत्तरेस व वायव्येस आहेत. पाहुणे दक्षिणेस आणि काम उत्तरेस, अशी आज पुष्कळांची स्थिती आहे. सबंध पुणे शहर रोज दोनदा ओलांडावे लागते.

यातील हिशेब एकदा कागदावर मांडून पाहिला पाहिजे. समजा, भोसरीच्या कारखान्यात काम लागलेल्या एका तरुणाला आंबेगावात ७,००० रुपये भाड्याने खोली मिळते आणि कामाजवळ तशीच खोली ९,००० रुपयांना मिळते. वरवर पाहता आंबेगावात महिन्याला २,००० रुपयांची बचत दिसते. आता येणेजाणे पाहू. एका वेळचे अंतर २० किलोमीटर धरले तर रोज ४० आणि महिन्याच्या २६ दिवसांत १,०४० किलोमीटर मोटारसायकल चालवावी लागेल. लिटरला ४५ किलोमीटर धरून सुमारे २३ लिटर पेट्रोल लागेल. दर शंभर रुपये धरला तरी २,३०० रुपये झाले. टायर, ऑईल, दुरुस्ती यांचे ५०० रुपये मिळविले की २,८०० होतात. म्हणजे २,००० रुपये वाचविण्यासाठी २,८०० रुपये खर्च झाले. जाण्यायेण्यास गर्दीच्या वेळी रोज अडीच तास लागतात असे मानल्यास महिन्याला ६५ तास रस्त्यावर गेले. आठ तासांची एक पाळी धरली तर आठ पाळ्यांहून थोडा अधिकच वेळ हा, आणि त्याची मजुरी कोणी देत नाही.

उलट बाजूही मांडली पाहिजे. भोसरीत राहिल्यास दर आठवड्याला गावी जाताना येऊन-जाऊन ४० किलोमीटर अधिक पडतील. महिन्यातून चार खेपा म्हणजे १६० किलोमीटर, साडेतीन लिटर पेट्रोल, अर्थात साडेतीनशे रुपयांचा प्रश्न. एकट्या माणसाने कामाजवळ राहणे या हिशेबाने फायद्याचे ठरते. परंतु त्याची पत्नी मार्केट यार्डात निवडणीच्या कामाला जाणार असेल, अथवा धनकवडीत चार घरची पोळीभाजी तिने आधीच धरली असेल, तर हिशेब पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल. घरात मिळविणारी माणसे दोन असली की त्यांपैकी ज्याचे काम पायी जाण्याजोगे नसल्यास सुटून जाईल, त्याच्या कामाजवळ बिऱ्हाड असावे. बहुधा ते स्त्रीचे काम असते. कारण स्वयंपाक, पाणी आणि मुले उरकून तिला दोन तास प्रवास करणे शक्य नसते. पाहुण्यांच्या सल्ल्यात या गोष्टीचा विचार अभावानेच असतो.

मेट्रोमुळे या गणितात काही बदल झाला आहे. पिंपरी-चिंचवड महापालिका ते स्वारगेट हा मार्ग २९ सप्टेंबर २०२४ रोजी पूर्णपणे सुरू झाला. पिंपरी वा शिवाजीनगर परिसरात काम असलेल्या माणसास स्वारगेटच्या बाजूस राहणे आता पूर्वीइतके जाचक नाही. मात्र स्थानकाचे नाव पाहून घर ठरवू नये. भोसरी नावाचे स्थानक नाशिक फाट्यावर आहे आणि औद्योगिक वसाहतीतील कारखान्याचे दार तेथून बरेच दूर आहे. रात्रपाळी संपल्यावर पहिली गाडी किती वाजता मिळते, हे विचारून घ्यावे.

कात्रजचा नवा बोगदा आणि नवले पूल यांमधील उताराविषयी येथे दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. नऱ्हे-आंबेगाव भागात राहून महामार्गाने हिंजवडीकडे दुचाकीवर जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. या उतारावर अवजड वाहनांचे ताबे सुटून वारंवार अपघात होतात. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड वाहनाने तेथे अनेक वाहनांना धडक दिल्याची घटना सर्वांच्या स्मरणात आहे. कमी भाड्याच्या बदल्यात रोज दोनदा हा उतार पार करावा लागणार असेल, तर तोही हिशेबाचाच भाग होय.

पाणी आणि भिंती

खोली पाहावयास जाणारा माणूस रविवारी दुपारी जातो, रंग पाहतो, नळ सोडून पाहतो आणि बयाणा देऊन येतो. नळाला पाणी आले म्हणजे ते कोठून आले हे कळत नाही. पुणे महानगरपालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. धायरी, आंबेगाव, नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही त्यांपैकीच. नकाशावरील हद्द एका दिवसात बदलते; जलवाहिन्या आणि शुद्धीकरण केंद्रे त्याच दिवशी येत नाहीत. विहीर, कूपनलिका आणि टँकर यांवर तेथील अनेक इमारती अवलंबून राहिल्या. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी आणि सिंहगड रस्ता या परिसरांत गुलेन बारी या मज्जासंस्थेच्या आजाराचा उद्रेक झाला. हातापायांतील शक्ती जाणे हे त्याचे लक्षण. पुणे परिसरात रुग्णांची संख्या २०० च्या वर गेली, काही रुग्ण दगावले आणि तपासात दूषित पाण्याकडे बोट दाखविले गेले. यातील अनेक रुग्ण अतिदक्षता विभागात होते. भाड्यात वाचलेले वर्षाचे पैसे अशा आजारात एका दिवसात संपतात.

तेव्हा खोली घेताना पिण्याचे पाणी महापालिकेचे की विहिरीचे, उन्हाळ्यात टँकर येतो का आणि त्याची वर्गणी भाडेकरूने द्यावयाची की मालकाने, हे शेजारच्या बिऱ्हाडात विचारावे. मालकाला विचारून उपयोग नाही असे नाही, पण शेजारीण अधिक खरे सांगते. विहिरीचे पाणी असल्यास ते उकळून प्यावे, हे तर सांगावयास नकोच.

पाण्याची दुसरी बाजू पुराची आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यातील नदीकाठच्या वस्त्या वाहून गेल्या. ज्या वेल्हे तालुक्यात ते धरण आहे, तेथील माणसाला नदीचा स्वभाव शिकविण्याची गरज नसावी. तरीही शहरात गेल्यावर त्याला नदी ओळखू येत नाही. कारण ती भिंतींच्या आड गेलेली असते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरात झालेल्या पावसाने आंबिल ओढ्याला पूर आला आणि अरण्येश्वर-सहकारनगर भागातील वस्त्यांत माणसे झोपेतच सापडली. त्या एका रात्रीत पुणे शहर व परिसरात वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीच्या तळमजल्यांत पाणी शिरले. पानशेत-वरसगावचेच पाणी खाली आलेले असते! ओढ्याच्या वा नदीच्या काठची तळमजल्याची खोली स्वस्त का मिळते, याचा उलगडा भिंतीवरील ओलीच्या रेषेवरून होतो. रंग नवा असेल तर कपाटामागची भिंत पाहावी.

इमारत अधिकृत आहे किंवा नाही, हे भाडेकरूने कशाला पाहावयाचे, असे अनेकांना वाटते. त्यांना ठाणे जिल्ह्यातील शिळफाटा येथील प्रसंग सांगितला पाहिजे. ४ एप्रिल २०१३ रोजी तेथे एक बेकायदा सातमजली इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ जण मरण पावले. बांधकाम पुरे झालेले नसतानाही खालच्या मजल्यांवर कुटुंबे राहावयास आलेली होती. इमारतीत माणसे राहू लागली की ती पाडणे प्रशासनास कठीण जाते, हे जाणून अशी घरे कमी भाड्याने देण्याचा प्रकार अनेक शहरांच्या कडेला चालतो. अर्ध्या गुंठ्यात उभारलेली चार मजली इमारत, वर अजून गज उघडे, आणि भाडे मात्र शेजारच्यापेक्षा पुष्कळ कमी, असे दिसल्यास भोगवटा प्रमाणपत्राची चौकशी करावी. ते प्रमाणपत्र दाखविण्यास टाळाटाळ झाली, तर ती खोली सोडून द्यावी हे बरे.

करारपत्राचा कागद

घरभाड्याच्या कायद्याविषयी खेड्यात आणि शहरात सारखेच गैरसमज आहेत. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने घरभाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. जुन्या भाडेकरूला त्यामुळे संरक्षण मिळाले, परंतु नव्या माणसाला भाड्याने घर मिळणे दुर्घट होऊन पागडी बोकाळली. त्यातून वाट काढण्यासाठी मालकांनी 'भाडे' हा शब्द टाळून 'परवानगी'चे करार सुरू केले. १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा परवानगीने राहत असलेल्यांना कायद्याने भाडेकरू ठरविले, तेव्हा मालकांची धास्ती आणखी वाढली. अकरा महिन्यांचा करार आणि मग घर रिकामे, ही रीत या धास्तीतून रुजली.

आज लागू असलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम ५५ नुसार घर भाड्याने अथवा अनुज्ञप्तीने, म्हणजे 'लीव्ह अँड लायसन्स' तत्त्वावर देताना करार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणीही झाली पाहिजे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. याहून भाडेकरूच्या उपयोगाची गोष्ट अशी की, नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर घर दिले याविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. म्हणजेच नोंदणी टाळून मालक स्वतःचेच नुकसान करतो. हे त्याला सभ्यपणे समजावून सांगितल्यास पुष्कळ वेळा काम होते.

खर्चही फार नाही. एकूण भाडे, अधिक परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर दरसाल १० टक्क्यांनी येणारे व्याज, यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क पडते. वर सांगितलेल्या ७,००० रुपयांच्या खोलीचे अकरा महिन्यांचे भाडे ७७,००० होते. अनामत ३०,००० धरल्यास व्याज २,७५० येते. बेरीज ७९,७५० रुपये. पाव टक्क्याने सुमारे २०० रुपये. नोंदणी फी शहरी भागात १,००० रुपये आहे. नोंदणी घरबसल्या, आधारच्या साहाय्याने संगणकावरही होते. मध्यस्थ मागतो ती रक्कम आणि ही रक्कम यांत फरक असला, तर तो फरक कशाचा, हे विचारण्याचा हक्क भाडेकरूला आहे.

दुसरी बाजूही भाडेकरूला ठाऊक असावी. अनुज्ञप्तीची मुदत संपल्यावर घर न सोडल्यास कलम २४ अन्वये मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि त्या काळासाठी भाडेकरूला दुप्पट रक्कम भरावी लागू शकते. मुंबईच्या चाळीत आजोबांनी खोली सोडली नाही, म्हणून आपणही सोडू नये, ही हिकमत येथे चालावयाची नाही.

वाद बहुतेक अनामत रकमेवरून होतात. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मान्यता दिलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊ नये असे म्हटले आहे. तथापि राज्याने कायदा केल्याशिवाय तो आपोआप लागू होत नाही. म्हणून अनामत किती, ती किती दिवसांत परत द्यावयाची आणि रंगरंगोटीचे पैसे त्यातून कापावयाचे की नाही, हे करारातच लिहून घ्यावे. पैसे रोख देऊ नयेत. बँकेतून अथवा मोबाईलवरून दिलेल्या पैशाची नोंद राहते. रोख दिलेल्या पैशाची केवळ आठवण राहते, आणि ती दोघांची सारखी नसते.

शाळा, शिधापत्रिका आणि मतदार यादी

जूनमध्ये बिऱ्हाड हलले आणि दाखला ऑगस्टमध्ये पोहोचला, म्हणून एखाद्या मुलाचे शिक्षण दोन महिने खोळंबते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम ५ मध्ये याविषयी स्पष्ट तरतूद आहे. दाखला देण्यास उशीर झाला या कारणावरून दुसऱ्या शाळेने प्रवेश नाकारता कामा नये अथवा लांबवता कामा नये. दाखला तत्काळ देणे हे पहिल्या शाळेच्या मुख्याध्यापकाचे कर्तव्य आहे. शिक्षकांनी ही तरतूद पालकांना सांगून ठेवल्यास शहरातील शाळेच्या दारात त्यांची अडवणूक होणार नाही. खोली ठरविण्यापूर्वी महापालिकेची वा अनुदानित शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे का, हे पाहणे अर्थातच अधिक शहाणपणाचे. रिक्षाच्या भाड्यात शाळा महाग होते.

शिधापत्रिका गावी आहे, म्हणून धान्य घ्यावयास दर महिन्याला एस. टी.ने गावी जाणारी कुटुंबे अजूनही आढळतात. 'एक देश, एक शिधापत्रिका' या योजनेखाली अंगठ्याच्या ठशावर शहरातील कोणत्याही रास्त भाव दुकानातून धान्य घेता येते. कुटुंबातील काही माणसे गावी राहत असतील, तर त्यांच्या वाट्याचे धान्य गावी आणि उरलेले शहरात, असेही घेता येते.

मतदार यादीचा प्रश्न ग्रामपंचायत सदस्यांच्या जिव्हाळ्याचा. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाप्रमाणे एका व्यक्तीचे नाव एकाहून अधिक ठिकाणी नोंदविता येत नाही आणि नाव जेथे सर्वसाधारणपणे वास्तव्य असेल तेथे असावे लागते. बिऱ्हाड हलविलेल्या माणसाचे नाव गावातच राहावे, अशी इच्छा अनेकांची असते. ती समजण्यासारखी आहे. तथापि दोन्हीकडे नाव ठेवण्याचा सल्ला पंचायतीच्या जबाबदार सदस्याने देऊ नये.

शिकावयास जाणाऱ्या मुलामुलींची गोष्ट थोडी निराळी. त्यांच्यासाठी खोली हा शेवटचा पर्याय असावा. पुण्यातील विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून ग्रामीण भागातील गरजू विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे चालवीत आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. वेल्ह्यातील महादेव कोळी व कातकरी कुटुंबांपर्यंत तिची माहिती पोहोचविणे शिक्षकांच्या हाती आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना लागू पडू शकते. या अर्जांच्या मुदती बारावीच्या निकालानंतर लगेच येतात, आणि उत्पन्नाचा व जातीचा दाखला तहसील कार्यालयातून मिळण्यास वेळ लागतो. दाखल्यांची जुळवाजुळव परीक्षेनंतरच्या सुट्टीत सुरू केली, तर जूनमध्ये धावपळ होत नाही.

राहता राहिली गावाची खोली. मुंबईत ती वर्गणीने चालली, तशी व्यवस्था पुण्यात एकट्या तरुणांसाठी आजही होऊ शकते. भोसरी, चाकण किंवा हिंजवडी येथे गावातील किती मुले आहेत, कोणाच्या खोलीत एका माणसाची जागा आहे, कोणाचा मालक सरळ आहे आणि कोणाची अनामत बुडाली, ही माहिती गावात प्रत्येकाला थोडीथोडी असते. ती एका ठिकाणी नसते. ग्रामपंचायत कार्यालयात यासाठी एक साधी वही ठेवता येईल. गणपतीला सारी मुले गावी येतात. पाचव्या दिवशी परतण्याच्या घाईआधी ही वही त्यांच्यासमोर ठेवली, तर तासाभरात ती भरेल, आणि पुढच्या मे महिन्यात गुरुजींनी "पुण्यात कुठं?" असे विचारले की पालकाला ती उघडून पाहता येईल.